जवळच्या घराचा आवाज

८ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र तू उभ्यानंच वाचत असशील, खांद्यावरची पिशवी न उतरवता. रात्रपाळी करून दवाखान्यातून घरी आलेल्या माणसाला कुणी पत्र पाठवू नये, हे मला कळतं. पण फोन केला की तू "बरं" म्हणतेस, आणि तुझ्या त्या "बरं"नंतर पुढे काही बोलायला जागाच उरत नाही. कागदावर निदान मला माझं वाक्य पूर्ण करता येतं.

आपण नीट बोललो त्याला नऊ वर्षं होतील. सुरुवात कशी करावी या विवंचनेत मी बरेच कागद फाडले. एकात तब्येतीची चौकशी होती, ती खोटी वाटली. एकात माफी होती, ती जास्तच खरी वाटली आणि मला घाबरायला झालं. शेवटी ठरवलं, कामाचंच लिहावं.

काम असं. येत्या बुधवारी आमच्या ऑफिसातला एक माणूस तुमच्याकडे येईल. आम्ही त्याला डेसिबल म्हणतो, कारण तो आवाज मोजतो आणि स्वतः सगळ्यांत मोठ्यानं बोलतो. तुमच्या मागच्या कुंपणाच्या भिंतीवर तो एक डबा लावेल. एक दिवस आणि एक रात्र डबा राहील, मग तो काढून नेईल. कशासाठी म्हणशील, तर त्या बाजूला एरवी किती आवाज असतो याची नोंद आम्हाला हवी आहे, एवढंच. तुम्ही वेगळं काही करायचं नाही. रोजच्यासारखं राहायचं.

गरज पडली तेव्हा बहीण आठवली, असं तू म्हणशील. म्हण. मी तुझ्या जागी असते तर मीही म्हटलं असतं, आणि अजून दोन शब्द वाढवले असते.

भाऊजी कसे आहेत? वखार जोरात चालत असेल. (हे वाक्य तिकडे कसं वाचलं जाईल, मला सांगता येत नाही. टोमणा नाही, ताई. खरंच विचारते आहे. आरा अजून तोच आहे का, ज्याला भाऊजी 'म्हातारा' म्हणायचे?)

तुझी,
धाकटी


२२ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर मिळालं. चार वाक्यं. "डबा लावला, काढून नेला. तुझा माणूस तीन कप चहा प्याला. वखार चालू आहे. आम्ही बरे आहोत." ती मी किती वेळा वाचली हे लिहिलं तर तू म्हणशील, नाटकं पुरेत. तेव्हा नाही लिहीत.

कशासाठी मोजलं ते आता सांगते. आधीच सांगायला हवं होतं. तुमच्या घरामागचा मोठा माळ एका कंपनीनं घेतलाय आणि तिथं डेटा सेंटर उभं करायचा विचार आहे. म्हणजे नुसत्या संगणकांनी भरलेली, खिडक्या नसलेली इमारत. तू ड्यूटीवरून भाऊजींना फोनवर जेवणाची आठवण करतेस, दवाखाना पेशंटचे फोटो साठवतो, पोरं फोनला प्रश्न विचारतात आणि फोन उत्तर देतो, ते सगळं अशाच कुठल्यातरी इमारतीत घडत असतं. ती एका छोट्या शहराइतकी वीज खाते आणि तिला एक मिनिट सुटी नसते. ही वीज कुठून घेतली तर सगळ्यांत स्वस्त पडेल, ते शोधून देणं हे माझं काम. तू एकदा लोकांना सांगितलं होतंस, "आमची धाकटी विजेचं काहीतरी करते." ते काहीतरी म्हणजे हे.

तारेवरची वीज थोडी हवी तर लगेच मिळते, सगळी हवी तर वीज कंपनी म्हणते, चार वर्षं थांबा. वारा त्या माळावर आळशी आहे, दुपारी तोही झोपतो. राहिले दोन मार्ग. माळावर सौर पॅनेल अंथरायची, शेजारी बॅटऱ्या ठेवायच्या आणि आधाराला थोडी तारेवरची वीज घ्यायची. किंवा माळाच्या कडेनं गॅसची पाइपलाइन जाते, तिच्यावर मोठी इंजिनं बसवायची. दोघांच्या किमतीत उन्नीस-बीसचाच फरक आहे. माझ्या तक्त्यात गॅस पहिला आला.

इंजिनांना आवाज असतो. पण त्याला नियम आहे. सगळ्यांत जवळच्या घरापाशी आज जेवढा आवाज असेल, त्याच्याहून किंचितच जास्त करता येतो. वखारीमुळे तुमच्याकडे मुळातच बराच आवाज निघाला, रात्रीसुद्धा. त्यामुळे इंजिनांभोवती जाड भिंती बांधायचा खर्च वाचतो, आणि म्हणून गॅस स्वस्त पडतो.

सगळ्यांत जवळचं घर तुमचं आहे. माझ्या तक्त्यात त्याला 'घर १' म्हटलंय.

हे वाचून तुला काय वाटेल याचा मी विचार करते आहे. खरं तर करत नाही, टाळते आहे. पण सगळं नियमात बसणारं आहे, एवढं सांगते.

भाऊजींना म्हणावं, खोकला अंगावर काढू नका. लाकडाचा भुसा वाईट.

तुझी,
धाकटी


९ मार्च

ताई,

या वेळी तुझं पत्र लांब आहे. त्यात दोन प्रश्न आहेत.

पहिला : "त्यांना खोकला आहे हे तुला कुणी सांगितलं?" डेसिबलनं सांगितलं. तो आल्यावर सगळ्या गावाची खबर देतो, तुला माहीत नाही तो कसा आहे.

दुसरा : "ती इंजिनं दिवसाही चालणार का? मला दिवसा झोपावं लागतं." हो, दिवसरात्र चालतील. घरघर असा खालच्या पट्टीतला आवाज असतो, खिडकीच्या काचेला हात लावला तर जाणवेल असा. पण ताई, तुमच्या भिंतीला लागून आरा चालतो. त्या किंकाळीत तुला इतकी वर्षं झोप लागतेच ना? मग या इंजिनांचा तुला काय त्रास होणार?

हरकत घ्यायचीच असेल तर अहवाल लोकांसाठी ठेवला की पंधरा दिवस मिळतात. घ्यावी की नाही, मी सांगणं बरं नाही. मी कंपनीच्या बाजूची आहे.

इकडे सगळं ठीक. माझी बदली खिडकीजवळच्या टेबलावर झाली आहे.

धाकटी


१८ मार्च

ताई,

तुझं उत्तर नाही. येऊही नये.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. आणि एक वाक्य खोटं नव्हतं, पण खोट्यापेक्षा वाईट होतं. दोन्ही सांगते. तू बसून वाच.

खोकल्याचं मला डेसिबलनं सांगितलं नाही. तो डबा नुसते आकडे टिपत नाही. आवाज मोठा झाला की तो काही सेकंदांचं ध्वनिमुद्रणही करून ठेवतो. कारण कुत्रं भुंकलं, कुणी भांडलं, तर तेवढा भाग मोजणीतून वगळता यावा. ते तुकडे ऐकून खात्री करायची असते. डेसिबल ते मला देताना म्हणाला होता, "मॅडम, त्या घरामागं कारखाना आहे की काय? माझ्या कानाचे पार बारा वाजले!" मी कानाला हेडफोन लावला. अख्खं ऑफिस आजूबाजूला काम करत होतं आणि मी तुमच्या अंगणात उभी होते.

पहिल्या तुकड्यात भाऊजी होते. "घाल रे मिस्त्री, अजून एक ओंडका घाल."

"मालक, ओंडके संपले. ह्या कालच्या फळ्या आहेत."

"मग फळ्यांच्या पट्ट्या पाड."

"पट्ट्यांचं करायचं काय?"

"दात कोर! मी काय सांगतोय? आरा थांबता कामा नये. हिशेबनीस बाईंची माणसं आलीत, त्यांना कुलूप दिसायला नको."

मग खोकला. मग तू. "अहो, पुरे. औषधाचे पैसे काय भुशानं द्यायचे? आणि हळू बोला, तो डबा ऐकतो म्हणे."

"ऐकू दे. तिनं मुद्दाम विचारलंय पत्रात, वखार जोरात चालत असेल म्हणून. आता रात्रपाळी पण दाखवतो तिला."

"तिला आकडे दिसतात हो, कुलूप दिसत नाही." आणि मग आऱ्याच्या आवाजावर आवाज चढवून तू म्हणालीस, "इतक्या वर्षांनी लिहिलंय तिनं. चालवा. एक दिवस चालवा."

दुसऱ्या तुकड्यात भाऊजी नव्हते. आरा क्षणभर थांबला होता, कुठलीशी फळी पडल्याचा आवाज झाला म्हणून डब्यानं टिपलं असावं. तू मिस्त्रीला चहा देत होतीस. "खरं सांगू का," तू म्हणालीस, "वखार बंद झाल्यापासून मला दुपारची झोप लागायला लागलीय. बावीस वर्षांत पहिल्यांदा. पण तुझ्या मालकाला सांगू नकोस, त्यांना वाटेल मी वाटच बघत होते."

हे मी फेब्रुवारीतच ऐकलं. तुझं पहिलं उत्तर येण्याच्याही आधी. वखारीला कुलूप आहे हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी लिहिलं, "वखारीमुळे तुमच्याकडे मुळातच बराच आवाज निघाला." आणि तू झोपेचं विचारलंस तेव्हा मी तुलाच तुमच्या बढाईत अडकवलं. आरा चालताना झोप लागतेच ना, असं विचारलं. तुला "आरा बंद आहे" म्हणता येणार नाही, हे मला माहीत होतं. त्यावर विसंबून मी ते वाक्य लिहिलं. बदलीचं वाक्य खाली घातलं, म्हणजे पत्र साधं दिसेल.

का, हे मी स्वतःला विचारते आहे आणि प्रत्येक उत्तराला काहीतरी वास येतो. घर १चा तो आकडा बदलला तर भिंतींचा खर्च वाढतो, गॅस दुसऱ्या नंबरवर जातो आणि कंपनीला हवं ते उत्तर येत नाही. हे एक कारण. दुसरं जास्त लाजिरवाणं आहे. भाऊजींच्या पन्नाशीला, सगळ्या पाहुण्यांसमोर, मी कागदी रुमालावर वखारीचा हिशेब मांडून दाखवला होता की ही दोन वर्षांत बंद पडेल, जागा भाड्यानं दिली तरी यापेक्षा जास्त मिळेल. भाऊजी हसले. तू दारापर्यंत आलीस आणि म्हणालीस, "हिशेब बरोबर असेल तुझा. पुढच्या वेळी येताना तो घरी ठेवून ये." मी आलेच नाही. त्या दिवशी हेडफोनमधून कुलपाचं ऐकलं तेव्हा, ताई, सगळ्यांत आधी माझ्या मनात आलं ते हे की माझा हिशेब बरोबर होता. एक क्षणच. पण सगळ्यांत आधी तेच.

उद्या मी साहेबांना सांगणार आहे. तुझी परवानगी मागायचा विचार होता. मग लक्षात आलं की ते म्हणजे माझं ओझं पुन्हा तुझ्याच डोक्यावर. नाही विचारत. पण पुन्हा मोजायचं तर कारण लिहावं लागेल : वखार बंद असून मोजणीच्या दिवशी अपवाद म्हणून चालवली गेली. अहवाल सगळ्यांसाठी खुला असतो. लाकडाच्या धंद्यातली माणसं तो वाचतील. भाऊजींनी ज्यांच्यापासून लपवलं, त्या सगळ्यांना कळेल.

तुझी झोप वाचवायची तर त्यांची अब्रू चव्हाट्यावर मांडायची, असा हा पेच मी करून ठेवलाय. तो डबा लावायला दुसरं कुणाचंही घर नव्हतं असं नाही. पुढं तुझा शेजारीही जवळपास तेवढ्याच अंतरावर आहे. मीच म्हटलं, अमुक घरी लावा, तिथे ओळख आहे. फक्त 'ओळख' म्हटलं. बहीण म्हटलं नाही.

धाकटी


६ एप्रिल

ताई,

साहेबांशी झालेलं बोलणं तसंच्या तसं लिहिते, म्हणजे मला त्यात स्वतःला बरं दाखवता येणार नाही.

"तिथं तुमची बहीण राहते?"

"हो."

"हे आधी सांगितलं असतं तर मी काम दुसऱ्याला दिलं असतं."

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

"मला तिला पत्र लिहायला काहीतरी निमित्त हवं होतं."

साहेबांनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "अहो, लोक वाढदिवसाला लिहितात." मला हसू आलं आणि ते रडण्यात गेलं. ऑफिसातली काचेची खोली, बाहेरून सगळे बघत होते. ते निमित्ताचं मी खरं सांगितलं की त्या वेळी सुचलेलं बरंसं उत्तर होतं, अजून ठरत नाही.

त्यांनी पुन्हा मोजायला सांगितलं. त्यासाठी वखारीच्या मालकाचं सहीचं निवेदन लागतं, असं निघालं. मी दोन दिवस फोन हातात घेऊन बसले. तेवढ्यात माझं मागचं पत्र वाचून भाऊजींचाच फोन आला, निवेदनाचं त्यांना डेसिबलनं कळवलं होतं. तुला माहीत असेल, तू मागंच होतीस. पण मी काय ऐकलं ते लिहिते.

"हिशेबनीस बाई, वखार कधीपासून बंद ते लिहायचं, का नुसतं बंद आहे एवढं पुरे?"

"महिना लिहावा लागेल, भाऊजी."

"गेल्या जूनपासून. आणि सही कुठे करायची?"

"भाऊजी, माझं चुकलं. मी—"

"थांबा. तुम्ही तेव्हा म्हणाला होता, दोन वर्षांत बंद पडेल. मी आठच्या वर चालवली. ते अहवालात कुठे बसतं का बघा."

"नाही बसत."

"मग राहू द्या," ते म्हणाले. आणि मग जरा हळू, "आणि हे दुपारच्या झोपेचं तुमच्या बहिणीनं मला कधीच सांगितलं नाही. तुमच्या डब्याला सांगितलं."

मागून तुझा आवाज आला. "मिस्त्रीला सांगितलं होतं! डबा मध्ये कडमडला." मी नऊ वर्षांनी तुला चिडलेलं ऐकलं. फोन ठेवल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

दुसऱ्यांदा मोजणी झाली. तुमच्याकडे जवळजवळ काही आवाज नाही. डेसिबल म्हणाला, "त्या डब्यात नुसते कावळे आहेत, मॅडम." नवा आकडा घातला आणि घर १पाशी गॅस खाली घसरला. सौर आणि बॅटऱ्या वर आल्या. तक्ता साहेबांच्या टेबलावर आहे.

भाऊजींच्या निवेदनाची प्रत अहवालाला जोडली आहे. लोक काय म्हणतात, तू लिहिशील का? नको लिहूस. नाही, लिही. मला माहीत असायला हवं.

तुझी,
धाकटी


२४ मे

ताई,

तुझं पत्र आलं. भाऊजींना बाजारात एकानं विचारलं, "काय मालक, कुलूप लागलं?" आणि ते म्हणाले, "हो, किल्ली हवी का?" हे तू लिहिलंस त्यावरून वाटतं, ते तरतील. मग चार दिवस घराबाहेर पडले नाहीत, हेही तू लिहिलंस. तू ते लपवलं नाहीस, याबद्दल तुझे उपकार.

माळाचं तुला कळलंच असेल. कंपनी तुमच्याकडे येत नाही. तू लिहिलंस, "आमच्यापुरतं संपलं. आता सुटी काढून ये." मी यायला निघाले असते. पण हे सांगितल्याशिवाय तुमच्या उंबऱ्यात पाय ठेववत नाही.

कंपनीला सौर नकोच होतं. त्याला वेळ लागतो आणि जागा लागते. तुमचा आकडा आल्यावर ते म्हणाले, मग जागा बदलू. दुसरी जागा मोठ्या रस्त्यालगत आहे, तीच पाइपलाइन पुढं तिथून जाते. साहेबांनी ते काम मलाच दिलं. "चूक कबूल केलीत, आता हे नीट करा." शिक्षा नव्हती ती, विश्वास होता. मी नीट केलं. तिथं माझं ओळखीचं कुणी नाही. डबा लागला, ट्रक मोजले गेले, कसलीही फसवाफसवी नाही. रस्त्याचा आवाज इतका आहे की इंजिनांना भिंतीच लागत नाहीत. गॅस पहिला आला. सही करताना माझा हात स्वच्छ होता.

नियम असा आहे, ताई, की ज्यांच्याकडे आधीच गोंगाट आहे, त्यांच्याकडे अजून गोंगाट चालतो. ज्यांना झोप नाही, त्यांची आणखी घेता येते, तीही स्वस्तात. हे मला पंधरा वर्षांपासून माहीत आहे. तुझा खोकलणारा नवरा ऐकेपर्यंत ते मला नियम वाटत होतं.

परवा मी तिथं गेले. कुणी पाठवलं नव्हतं. सगळ्यांत जवळच्या घरात एक निवृत्त बसड्रायव्हर आणि त्याची बायको राहतात. रस्त्याकडची खिडकी त्यांनी पुठ्ठा लावून, वर फळ्या ठोकून बंद केली आहे. ड्रायव्हरांना कमी ऐकू येतं. ते म्हणाले, "मला काय, मी आयुष्यभर इंजिनावरच बसलो. त्रास हिला."

बाई म्हणाल्या, "आता थोडेच दिवस. बाह्यवळण रस्ता होतोय ना, पुढच्या वर्षी ट्रक सगळे तिकडून जाणार. मग ही खिडकी उघडायची. मी पडद्याचं कापड पण आणून ठेवलंय." आणि त्यांनी ते कपाटातून काढून दाखवलं. फिकं पिवळं, बारीक फुलांचं. "ह्यांना म्हटलं, आधी धुऊन घेते, नाहीतर आटेल."

बाह्यवळणाचं मला माहीत होतं. आमच्या कागदांत त्याचा नकाशा आहे. पण नियम म्हणतो, आजचा आवाज धरा. ट्रक पुढच्या वर्षी जातील, मोजणी आजची राहील, आणि त्या शांततेत इंजिनं घरघरत बसतील. मी ते तक्त्याखाली एका ओळीत लिहू शकले असते. कुणी विचारलं नाही आणि मी लिहिलं नाही. वखारीच्या वेळी मी खोटं वागले. या वेळी तेवढेही कष्ट पडले नाहीत.

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांना नीटसं समजेना, म्हणून पुन्हा सांगितलं. बाईंनी कापडाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग ड्रायव्हर म्हणाले, "हरकत घेता येते म्हणता? लिहून द्या, सही मी करतो." मी बसून हरकत लिहिली, त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर. चांगली लिहिली. रस्त्याची तारीख, नियमाचं कलम, सगळं. वाचून दाखवली. त्यांनी सही केली आणि पेन माझ्यापुढं सरकवलं. "तुम्ही पण करा. माहितगार माणसाची असली की वजन पडतं. आमचं कोण ऐकणार?"

मी पेन उचललं. मग मी म्हणाले, माझी सही चालणार नाही, मी त्यातली आहे. हे खरं नाही, ताई. चालते. कुणाचीही चालते. नोकरी जाईल, एवढंच.

ड्रायव्हरांना ते ऐकू आलं की नाही, कळलं नाही. बाईंनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. "राहू द्या हो. एवढं लिहून दिलंत हेच खूप. पोटापाण्याचं कुणाला सुटलंय?" मला पाणी दिलं. दारापर्यंत सोडायला आल्या. फाटकापाशी ट्रक जात होता म्हणून त्या काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही, नुसता हात हलवताना दिसल्या.

बसमध्ये मी हिशेब मांडत होते. त्या घरात तू असतीस तर मी सही केली असती का? केली असती. याचीच मला सगळ्यांत जास्त लाज वाटते. तुझ्यासाठी मी खरं बोलले, कारण तुझा आवाज मला ओळखता आला. त्या बाईंचा आवाज मी तीन महिने आधी ऐकला असता तर त्यावर मी "मोजणीतून वगळा" असं लिहून पुढं गेले असते.

आणि मला भाऊजी आठवले. गावासमोर आपलं कुलूप लिहून देताना त्यांनी विचारलं होतं ते एवढंच, की सही कुठे करायची.

हरकतीची मुदत उद्या संपते. कागद त्यांच्याकडेच आहे, उद्या सकाळी ते तो द्यायला जाणार आहेत. मी रजेचा अर्ज टाकला आहे. हे पाकीट पेटीत टाकून संध्याकाळच्या बसनं त्यांच्याकडे जाते. बाई "कशाला परत आलात" म्हणतील. मी फक्त कागद मागणार आहे. सहीखाली हुद्दा लिहावा लागतो. तो आजच्या तारखेला तरी खरा आहे.

धाकटी